तिखटाबरोबर चालणारी रेड: ओक्कीपिंतीच्या वाइनचा काही महिन्यांचा अनुभव

रेड वाइन म्हणजे जड, गडद आणि जिभेला कोरड पाडणारी, असं ज्यांचं मत आहे त्यांनी आरियान्ना ओक्कीपिंतीची 'एसपी ६८ रोस्सो' एकदा घेऊन बघावी. मी म्युनिकला राहते. गेल्या हिवाळ्यापासून ही बाटली आमच्या घरात नेमाने येते आहे.

आरियान्ना ही इटलीच्या सिसिली बेटावरच्या व्हित्तोरियाची. २००४ साली, पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, एक हेक्टर द्राक्षमळ्यावर वाइन करायला सुरुवात केली. काका जुस्तो ओक्कीपिंती 'कॉस' या नावाजलेल्या वाइनरीच्या संस्थापकांपैकी, तेव्हा बाळकडू घरचंच. काबर्ने, मेर्लो या जगभर चालणाऱ्या द्राक्षांच्या नादी न लागता तिने तिथल्याच फ्राप्पातो आणि नेरो दाव्होला या जाती धरल्या. शेती सेंद्रिय, आंबवायला सालीवरचंच यीस्ट. एसपी ६८ हा मळ्याजवळून जाणारा रस्ता. आपल्याकडे कुणी लेबलवर 'प्रमुख जिल्हा मार्ग अमुक' छापेल का? मला तर आवडलं.

आता चव. पेला उजेडात धरला की पलीकडची बोटं दिसतात, इतका रंग पातळ. हे फ्राप्पातोचं काम. वास स्ट्रॉबेरीचा आणि डाळिंबाचा, मागे थोडी मिरपूड. नेरो दाव्होलामुळे अंग येतं, पण ओझं होत नाही. टॅनिन (द्राक्षाच्या सालीबियांतला तुरटपणा) आणि अल्कोहोल चढं असलं की मिरचीचा जाळ आणखी भडकतो. इथे टॅनिन बेताचं, आंबटपणा तरतरीत. म्हणून भरल्या वांग्यांबरोबर ही मस्त जाते. तशी सिसिलीची कापोनातासुद्धा आंबटगोड वांगीच की! तांबड्या रश्श्यापुढे मात्र टिकली नाही, तिथे ताकच बरं. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून प्या. खोलीच्या तापमानाला, विशेषतः उन्हाळ्यात, ती ढिली वाटते.

बाटली उघडल्यावर सुरुवातीला वास जरा कोंदट येऊ शकतो. ओतून पाच-दहा मिनिटं थांबा. उरलेली दुसऱ्या दिवशी मला जास्त आवडते. तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका, शेवटचा घोट सोडून द्या.

उन्हाळ्यात ऑनलाइन मागवू नका, हे कळकळीने सांगते. जुलैमध्ये एका कुरियरवाल्याने खोकं दिवसभर उन्हात ठेवलं. बुचं वर आली होती आणि वाइनला शिजवलेल्या जॅमची चव. दुकानदाराने पैसे परत द्यायला महिना लावला.

'एसपी ६८ बियांको' झिबिब्बो आणि आल्बानेल्लो या पांढऱ्या द्राक्षांची. वास संत्र्याच्या फुलांचा, त्यामुळे गोड असेल असं वाटतं, पण चव पार कोरडी. कोळंबीबरोबर छान, नुसती प्यायला मला जमली नाही. निव्वळ फ्राप्पातोची 'इल फ्राप्पातो' मोठ्या लाकडी पिंपात मुरवलेली, जास्त खोल आणि जवळपास दुप्पट महाग, ती वाढदिवसाला.

रोस्सोला मी वीसेक युरो मोजते. रोजच्या जेवणाला ते जास्तच, पण पाहुणे येणार असले की दोन बाटल्या आणतेच.