झोन दाखला आणि भाग नकाशा: प्लॉट घेण्याआधी मागवायचेच, पण त्यावर किती विसंबायचं?

‘येलो झोन आहे, दाखला सोबत जोडलाय’ एवढ्या शब्दावर प्लॉटचा इसार दिला जातो. येलो झोन म्हणजे रहिवासी वापराचा भाग, आणि हा दाखला म्हणजे जमीन विकास योजनेत कोणत्या वापरात येते ते सांगणारा नगर रचना विभागाचा झोन दाखला. जोडीला भाग नकाशा मागितला, तर विकास योजनेच्या नकाशातला आपल्या जमिनीभोवतीचा तुकडा मिळतो. शुल्क किरकोळ, अर्ज सोपा, आणि कागद जे सांगतो ते बहुतेक वेळा बरोबर असतं. खोट एवढीच, की त्यात जे लिहिलेलं नाही तेच लोक वाचून मोकळे होतात. (मुंबई महापालिकेच्या हद्दीत याच कामासाठी डीपी रिमार्क काढतात आणि तिथे डीसीपीआर 2034 लागू आहे. इथलं सगळं उरलेल्या महाराष्ट्रापुरतं.)

अर्जाला ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक लागतं, आणि मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाने केलेल्या मोजणीचा नकाशा. ही ‘क’ प्रत बरेच जण टाळतात आणि तिथेच फसतात. जमीन ‘स. नं. 45 पैकी’ असेल आणि मोजणी नकाशा जोडला नसेल, तर कार्यालय अख्ख्या सर्व्हे नंबरचा दाखला देतं: ‘अंशतः रहिवास, अंशतः शेती, अंशतः 18 मीटर रस्त्याने बाधित’. यातला आपल्या वाट्याचा अंश कोणता, ते दाखल्यावरून कळायला मार्ग नाही. विकणारा अर्थातच पहिला शब्द मोठ्याने वाचतो. अर्ज हिश्शाचा करा, चतुःसीमा लिहा आणि मोजणी नकाशावर आपला तुकडा रंगवून द्या.

अर्जात आणखी एक वाक्य हवं: ‘मंजूर तसेच प्रारूप (म्हणजे मसुदा) विकास योजनेनुसार माहिती द्यावी.’ महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम 1966 च्या कलम 26 खाली प्रारूप योजना प्रसिद्ध झाली, की परवानगी देताना तीही विचारात घ्यावी लागते. त्यामुळे मंजूर योजनेत निखळ रहिवास दाखवलेल्या जागेवर प्रारूपात खेळाचं मैदान पडलेलं असू शकतं. नुसता ‘झोन दाखला मिळावा’ असा अर्ज केला तर उत्तरही तेवढंच येतं. त्यात कार्यालयाची चूक नाही.

सेवा लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली येते. मुदत कार्यालयातल्या फलकावर लिहिलेली असते. तारीख घातलेली पोचपावती घ्या. मुदत टळली तर तिच्याच आधारे 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. हेलपाटे घालण्यापेक्षा हे बरं.

आता भाग नकाशा. दाखल्यापेक्षा तो जास्त कामाचा, पण त्यावर पट्टी ठेवून अंतर काढायला जाऊ नका. 1:5000 प्रमाणाच्या नकाशावर 1 मिलिमीटर म्हणजे जागेवर 5 मीटर. रस्त्याची नुसती रेघच अर्ध्या मिलिमीटरची असली तरी अडीच मीटर तिच्या जाडीत गेले, आणि लहान प्लॉटच्या पुढच्या मार्जिनचा (हद्द आणि इमारत यांमध्ये मोकळ्या सोडायच्या जागेचा) सारा हिशेब तेवढ्यातच असतो. त्यात जुनी सर्व्हेची शीट मोठी करून चिकटवलेली असेल तर बांध सरकलेलेच. प्लॉट प्रस्तावित रस्त्याला लागून असेल तर जागेवर आखणी मागा. नकाशावरून फक्त ‘इथे रस्ता येतोय’ एवढंच घ्या.

दाखल्यात सहसा नसलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. मालकी नाही, भोगवटादार वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीची) अट नाही. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा वेगळी तपासावी लागते. रेल्वेच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आत बांधायचं तर रेल्वेचं ना हरकत लागतं. डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारांचं तर नावही नसतं. 11 केव्हीच्या तारेपासून आडवं 1.2 मीटर, त्यावर 33 केव्हीपर्यंत 2 मीटर, आणि दोन्हींना उभं 3.7 मीटर अंतर सुटलं पाहिजे. तळमजल्याला न नडणारी तार दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला नडते, म्हणून हे मोजमाप प्लॅन काढण्याआधीच व्हावं.

आणि मुख्य मुद्दा: या जागेवर किती बांधता येईल? याला दाखल्यात उत्तर नाही. ते आहे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतात तिच्यात. डिसेंबर 2020 पासून ती लागू आहे. मुंबई, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं क्षेत्र), लोणावळा आणि थंड हवेच्या ठिकाणांच्या नगरपरिषदा असे काही अपवाद सोडले तर राज्यभर तीच चालते. पीडीएफ फुकट मिळते. प्रकरण 4 मध्ये कोणत्या झोनमध्ये काय चालतं ते, 6 मध्ये मार्जिन, उंची आणि एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो आकडा), 8 मध्ये पार्किंग. त्यानंतर प्रकरण 10 उघडायला विसरू नका, कारण शहरापुरते वेगळे नियम तिथे बसलेत. व्हॉट्सअॅपवर फिरणारी प्रत बहुधा पहिलीच असते. दुरुस्त्या येत राहतात, त्या धरलेली प्रत बघा.

10 बाय 15 मीटरचा, म्हणजे 150 चौ.मी.चा प्लॉट घ्या. समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद. दाट वस्तीबाहेर अशा रस्त्यावर मूळ एफएसआय 1.10, आणि प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा जादा) वा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकाम हक्क) काहीच नाही. म्हणजे 165 चौ.मी. त्यावर रहिवासी बांधकामाला 60 टक्के अॅन्सिलरी, म्हणजे मूळच्या जोडीचा, एफएसआय पैसे भरून घेतला तर 264. कागदावर छान दिसतं. आता मार्जिन धरू: समोर 3 मीटर, उरलेल्या तिन्ही बाजूंना दीड-दीड. इमारतीला उरले 7 बाय 10.5 मीटर, म्हणजे 73.5 चौ.मी. 264 वापरायचे तर स्टिल्टवर (पार्किंगसाठी खांबांवर मोकळा सोडलेल्या तळावर) साडेतीन मजले चढवावे लागतात.

त्यातच रस्ता 6 चा 9 मीटर होणार असेल आणि दोन्ही बाजूंनी सारखा घेतला, तर आपले दीड मीटर गेले. पुढचं मार्जिन नव्या हद्दीपासून मोजतात, जुन्या कंपाउंडपासून नाही. लांबी 10.5 वरून 9 वर आली आणि मजला 63 चौ.मी.चा झाला. गेलेल्या पट्टीचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपात मागता येतो, पण तो वापरायला जागेवर रुंदी कुठून आणणार? उंची वाढवून सुटका नाही. इमारत 15 मीटरच्या वर गेली की बाजूचं आणि मागचं मार्जिन उंचीच्या एक-पंचमांश होतं. मार्जिनसाठी धरायची उंची 18 मीटर आली तर दोन्ही बाजूंना 3.6, आणि 10 मीटर रुंदीत खोल्यांना उरतात 2.8 मीटर. ‘एफएसआय भरपूर आहे’ म्हणणाऱ्याला प्लॉटची रुंदी विचारा.

150 चौ.मी.पर्यंतच्या प्लॉटला अटी पाळून, वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने प्रमाणित केलेला प्लॅन आणि शुल्क दाखल केलं की पावतीवर काम सुरू करता येतं. सोय चांगली आहे. मात्र आधी कोणी तपासत नाही, म्हणून मार्जिनमधली चूक भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी उघडी पडते, तेव्हा भिंत प्लास्टर होऊन रंगलेली असते.

पार्किंगचा हिशेब सदनिकेच्या कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या क्षेत्राच्या) टप्प्यांवर चालतो: 30, 40, 80 आणि 150 चौ.मी. 79 ची सदनिका हौसेने 81 केली की ती वरच्या टप्प्यात जाते आणि गाड्यांची संख्या बदलते. कारची जागा 2.5 बाय 5 मीटर, स्कूटरची 1 बाय 2. वरच्या उदाहरणातल्या 7 मीटर रुंद स्टिल्टमध्ये नुसत्या भागाकारानेही शेजारी-शेजारी तीन कार बसत नाहीत. त्यातून जिना आणि लिफ्ट वजा करा. एकामागे एक लावून आकडा भरता येतो, पण मागच्याला रोज पुढच्याची किल्ली मागावी लागते. दोघे भाऊच राहत असतील तर चालून जातं.

पार्किंग विकत घेणाऱ्यांसाठी: मोकळी आणि स्टिल्टमधली जागा स्वतंत्र गॅरेज म्हणून विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केलंय. झाकलेलं पार्किंग करारात असेल तर महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामकाच्या) 2024 च्या आदेशाप्रमाणे त्याचा क्रमांक, लांबी, रुंदी आणि उंची करारातच नोंदवलेली हवी.

सर्वात जास्त चुकतं ते खांबांपाशी. प्लॅनवर खांबांची मध्यापासून मध्यापर्यंत 2.7 मीटर दाखवतात आणि ‘कार बसते’ म्हणतात. खांब 30 सेंटिमीटरचा असेल तर मोकळे राहिले 2.4. प्लास्टर झालं की आणखी 3 ते 4 सेंटिमीटर कमी. जागा 2.5 ची हवी, म्हणून ती कार मोजणीत धरली जात नाही, आणि धरली गेलीच तर दार उघडत नाही. पायाचे खड्डे घेण्याआधी आरसीसी ड्रॉइंगवर (खांब-तुळयांच्या सांगाड्याच्या नकाशावर) दोन खांबांच्या आतल्या कडांमधलं अंतर लिहून घ्या. आर्किटेक्टच्या प्लॅनवर नाही, आरसीसीच्या ड्रॉइंगवर.