पडलेली पल्सर सरळ करायचीये? नाशिकच्या अंबडचं हे गॅरेज बघा (घाई नसेल तरच)

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. एक स्टार वेळेचा कापलाय.

गाडी 2014 ची पल्सर 150, एमएच 15 पासिंग. सिडकोतल्या ओळखीतल्या काकांकडून घेतली, त्यांच्या पोराने पाथर्डी फाट्याकडे वाळूवरून घसरवली होती आणि नंतर ती तशीच पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली म्हणून स्वस्तात मिळाली. इंजिन ठणठणीत, पण डाव्या बाजूची पार वाट लागलेली, हँडल आत वळून टाकीवर आपटलेलं, गिअरचा दांडा वाकडा, इंडिकेटर लोंबकळतोय, आणि मेन म्हणजे सरळ रस्त्यावर पण गाडी आपली डावीकडे ओढत होती. आधी एका मोठ्या वर्कशॉपला दाखवली, तिथल्या साहेबांनी गाडी स्टँडवरसुद्धा न घेता सांगितलं की पुढचं सगळं असेंब्लीच बदलावं लागेल, 22 हजार. गाडीत काय उरलं मग?

इथल्या मिस्तरींनी पहिल्या दिवशी एक पण पार्ट लिहून दिला नाही. "भाऊ, खोलल्याशिवाय मी काय बोलणार नाही," एवढंच. मला तिथंच बरं वाटलं.

पुढचं चाक काढलं, शॉकअप उतरवले, आणि त्यांचे दोन्ही पाइप बाहेर काढून एका जाड काचेवर लोळवले. गॅरेजचा पोरगा मागून मोबाईलची टॉर्च धरून बसलेला. उजवा पाइप काचेला चिकटून फिरत होता, डाव्याच्या खालून मात्र प्रत्येक फेरीला उजेडाची फट उघडायची आणि मिटायची, म्हणजे पाइप बेंड. मी विचारलं लेथवर सरळ नाही का होत, अंबडात तर गल्लोगल्ली लेथ आहेत. तर म्हणे होतो, स्वस्तात होतो, पण वाकलेल्या जागी क्रोमला तडे गेले की तिथनं गंज धरतो आणि मग तो पाइप ऑइल सील खातच राहतो, सहा महिन्यांनी परत माझ्याकडेच याल. म्हणून डावा पाइप नवीन आणि उजवा जुनाच ठेवला, पण सील दोन्हीकडची नवीन आणि ऑइल दोन्हीकडे मापाने सारखं. दोन्हीच्या दोन्ही पाइप माझ्या गळ्यात मारले असते तर मला काय कळणार होतं, सांगा.

कोनसेटची (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) तपासणी मला स्वतःला करायला लावली. पुढचं चाक हवेत, हँडल एका बोटाने हळूहळू फिरवायचं. मधोमध आलं की बारीकसं खट्ट करून अडकत होतं. पडताना किंवा खड्ड्यात आपटताना सगळा मार बॉलवर येतो, ते रेसमध्ये (बॉल फिरतात त्या कडीत) खळगे पाडतात आणि हँडल त्या खळग्यात बसायला बघतं. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा ही एक टेस्ट नक्की करा, सिंहस्थाच्या नावाने खोदलेले आपले रस्ते बघता नाशिकच्या निम्म्या गाड्या यात नापास होतील असं माझं मत.

टी (शॉकअपचे पाइप धरून ठेवणारा भाग) सरळ निघाली, चेसिस पण. ते बघायला त्यांनी सुतळी वापरली! मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून पुढच्या टायरपर्यंत आणायची आणि दोन्हीकडचं अंतर सारखं आहे का बघायचं. त्यात अजून एक गोष्ट सापडली ती म्हणजे मागचं चाकच तिरकं बसवलेलं होतं, चेन ॲडजस्टरच्या खुणांवर भरवसा ठेवून कोणीतरी घट्ट केलेलं. म्हणजे डावीकडे ओढण्यात थोडा वाटा मागच्या चाकाचा पण होता आणि तिकडे 22 हजारवाले पुढचं सगळं बदलायला निघालेले.

हँडलचं सोपं काम, या मॉडेलला क्लिप-ऑन आहे त्यामुळे एकाच बाजूचं बदलता येतं. गिअरच्या दांड्याला शाफ्ट वाकलाय का याची मला धास्ती होती कारण मग इंजिनची बाजू उघडावी लागते, पण नुसता दांडा वाकलेला आणि सील झिरपत होतं, निभावलं.

आता झिजलेल्या पार्टांचं. चेन स्प्रॉकेट गेलेलं होतं हे मला पण दिसत होतं, मागच्या चक्राचे दाते वाघनखांसारखे एका बाजूला वळलेले. मी म्हटलं सध्या नुसती चेन टाका, बजेट नाही. सरळ नकार दिला, म्हणे जुन्या दात्यांवर नवीन चेन टाकली तर ते दातेच चेन खाणार, पूर्ण सेट टाका नाहीतर आहे तशीच चालवा. हब रबर (मागच्या चाकात चेनचे धक्के झेलतात ते) पण चेपलेले, चक्र हाताने मागेपुढे हलत होतं, ते बदलले. मागचे ब्रेक शू संपलेले. चिमट्याचे (मागचं चाक धरणारा दांडा) बुश बघायला मागचं चाक धरून आडवं हलवलं, ठीक होते, ठेवले. डिस्क पॅड अर्धे शिल्लक होते तर तेही ठेवले, फक्त ब्रेक ऑइल बदललं कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि काळं पडलेलं होतं.

क्लच प्लेटा मात्र मला बदलायच्याच होत्या, उगाच मनात भरलेलं. मिस्तरी म्हणाले, टॉप गिअरला टाका, ॲक्सिलेटर पिळा, आवाज वाढतो आणि स्पीड वाढत नाही असं होतं का? नाही होत. मग कशाला? विषय संपला.

एकूण बिल साडेनऊ हजारांच्या आसपास झालं, मजुरीसकट. पार्टचे रिकामे बॉक्स आणि काढलेला जुना माल पिशवीत भरून हातात दिला. पार्टचं पक्कं बिल मागून घ्या एवढंच सांगेन, 22 सप्टेंबर 2025 पासून पार्टवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झालाय, कोण कुठला दर लावतंय ते आपणच बघायचं. विमा माझा नुसता थर्ड पार्टी, त्यातून आपल्या गाडीचं काहीच मिळत नाही त्यामुळे सगळं खिशातून. (आणि हो, जुनी गाडी घेतल्यावर 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करायचा अर्ज द्यायचा असतो, आरसी नावावर झाली की झालं असं समजून लोक विसरतात.)

आता तक्रारी. "उद्या संध्याकाळी या" हे वाक्य इथं वेळ सांगायला वापरतच नाहीत, समोरच्याला घरी पाठवायला वापरतात. फोन उचलत नाहीत. पाइप यायला उशीर झाला ते समजू शकतो पण मग तसं कळवा ना, माणूस रिक्षाने येतो आणि बघतो तर गाडी कोपऱ्यात पुढच्या चाकाशिवाय उभी. टाकीचा डेंट ते स्वतः काढत नाहीत, बाहेर पाठवतात, आणि तिथनं आलेला काळा रंग सावलीत एकदम मॅच आणि उन्हात चक्क वेगळा. डेंट-पेंटचं तुमचं तुम्ही बघा, पुढचं काम आणि अलाइनमेंट डोळे झाकून इथं द्या.

गाडी मिळाल्यावर गंगापूर रोडने धरणापर्यंत चालवली आणि नंतर कसारा घाट पण उतरून आलो. वळणावर पूर्वी हँडलशी भांडायला लागायचं ते बंद झालं, ब्रेक मारला की पुढचं टोक सरळ बसतं, सील कोरडी. आठवड्याभराने चेन परत ताणायला बोलावलं होतं, नवीन चेन सुरुवातीला थोडी सैल पडतेच, तेव्हा पैसे घेतले नाहीत.

गल्ली अरुंद आहे, चारचाकी नेऊ नका. आणि शनिवारी तर जाऊच नका, कंपन्यांना सुट्टी म्हणून अख्खं सातपूर-अंबड त्या दिवशी आपापल्या गाड्या घेऊन तिथंच उभं असतं. मंगळवार-बुधवारी सकाळी दहाच्या आत गेलात तर मिस्तरी स्वतः हात लावतात, नाहीतर पोरांच्या हाती पडते गाडी. पोरंही बरी आहेत तशी, पण कोनसेट किती आवळायचा ते मिस्तरींनाच करू द्या.