पितळ घ्यायचं की गोकाकचं लाकूड?

आधी एक सांगा, घर खानापूरकडं आहे की अथणीकडं? साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या घरगुती, शोभेच्या वस्तू जमवायच्या म्हटलं की सगळे पैशाचा हिशेब मांडून बसतात. आमच्या बेळगाव जिल्ह्यात हिशेब पावसाचा मांडावा. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळाभर भिंतीला पाझर असतो, तर अथणीत छत्री खुंटीवर धूळ खाते. काय टिकेल आणि काय कुजेल, ते इथंच ठरतं.

इथं सहज हाती लागणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन. पितळ-तांब्याची भांडी आणि गोकाकची लाकडाची रंगीत फळं-खेळणी.

पितळ मोडीच्या दुकानात किलोवर मिळतं. एकदा अशाच एका दुकानात घागरीच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव वाचत बसलो होतो. बाईचं नाव, गाव, खाली 12-5-54. लग्नातली असणार. म्हटलं, ‘मामा, एवढी बाजूला काढा.’ तो काट्यावरून नजर न काढता म्हणाला, ‘नाव वजनात धरत न्हाई ओ.’ पितळ घेण्यातला फायदा नेमका हाच. नाव, तारीख, घडण फुकट मिळते, आणि उद्या मन उठलं तरी मोडीचे पैसे कुठं जात नाहीत. लाकडाला हा आधार नाही.

फसवणूक मात्र पितळेतच जास्त. नव्या भांड्याला तेजाब लावून काळं करतात. ते सगळीकडून सारखंच काळं दिसतं. वापरातलं जुनं भांडं जिथं हात पडतो तिथं, म्हणजे काठाला आणि कडीला, उजळ असतं आणि बुडाला झिजलेलं असतं. घागरीत बॅटरी मारून बघा. पत्रा ठोकून घडवलेल्या जुन्या घागरीचा सांधा दातेरी दिसतो, शिवाय हातोडीचे ठोकेही लागतात. यंत्रावरच्या भांड्याला आतून बारीक गोल रेघा असतात. लिपीवरून वय काढायला जाऊ नका. 1956 च्या नोव्हेंबरात जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, म्हणून ‘मराठी नाव म्हणजे त्याआधीचं’ असं विक्रेते ठोकून देतात. इथल्या घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही नावं आधीही घालत होते, नंतरही. त्यापेक्षा शेराचं, अदुलीचं, म्हणजे धान्य मोजायचं जुनं, सरकारी शिक्के असलेलं माप मिळालं तर बघा. 1958 पासून मेट्रिक मापं टप्प्याटप्प्यानं आली, त्यामुळं शिक्क्याचं शेरमाप बहुतेक त्याआधीचं किंवा त्याच सुमाराचं असतं.

आता लाकूड. गोकाकची फळं-भाज्या गौरीपुढच्या आराशीत बघितली असतीलच. हलकं लाकूड, आकार खऱ्या फळाएवढा. माझ्याकडच्या वांग्याच्या देठावर रंगाऱ्यानं काटे काढलेत, हिरव्यावर पांढरे, इतके बारीक की बोट लावायला जीव धजत नाही. आणि बुडाशी कुणा पोराचे दोन दात उमटलेत. तसली वस्तू वजनावर मिळत नाही, ती कुणाच्या तरी माळ्यावरून उतरवावी लागते. आंबोली उतरून सावंतवाडीला गेलात तर तिथलं लाखकाम दिसेल. लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून चढवलेला रंग गोकाकच्या रंगापेक्षा टणक आणि चकचकीत. पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हे मला कोविडच्या दिवसांत कळलं. सावंतवाडीची एक जुनी डबी सॅनिटायझरनं पुसली आणि अर्धा लाल रंग फडक्यावर आला. तिला कोरडा मऊ कुंचलाच बरा. गोकाकच्या फळांनाही ओलं फडकं दाखवू नका.

लाकडाखाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे असं समजा, कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. पितळ ओलीत कळकतं, पण घासलं की निघतं. फक्त दर सणाला चिंच-मीठ लावून लखलखीत करण्याचा सोस सोडा, ठिपक्यांची नावं त्यानंच पुसट होतात.

तसबिरी आणि कापड हे तिसरं-चौथं खातं, नवख्यानं थांबावं असं. रविवर्म्याच्या छापखान्याची चित्रं म्हणून जे खपवतात त्यातलं बरंचसं नंतरच्या कॅलेंडरांचं असतं. मळवलीचा तो कारखाना 1972 च्या आगीत गेला. कॅलेंडर म्हणूनच घेणार असाल तर मजेत घ्या, पण कसर लागलेली नाही ना, बघा. कसुतीचं भरतकाम असलेल्या इरकल साडीची उलटी बाजू तपासा. कसुतीतले गावंती आणि मुर्गी हे टाके दोन्हीकडून सारखेच हवेत, गाठ दिसता कामा नये.

कायद्याची भीती या काळातल्या घरगुती वस्तूंना सहसा नाही. 1972 चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना लागतो, हस्तलिखितांना पंचाहत्तर. तरी देवळातलं काही आणि देव्हाऱ्यातले टाक मी घेत नाही, कितीही जुने सांगितले तरी.

म्हणून खानापूरकडं घर असेल तर पितळ, अथणी-गोकाककडं असेल तर बेलाशक लाकूड, फक्त उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, तडे जातात. मी बेळगाव शहरात, म्हणजे धड इकडं ना तिकडं. घागर जिन्याखाली आहे, वांगं मधल्या खोलीतल्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून लांब.