अ‍ॅन्की: उजळणीची वेळ सांभाळणारे अ‍ॅप

शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासासाठी मी अ‍ॅन्की वापरतो. संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत असलेले (आयफोनसाठी मात्र पैसे मोजावे लागतात) हे अ‍ॅप प्रश्नोत्तरांची कार्डे दाखवते आणि उत्तर किती सहज आठवले, यावरून ते कार्ड पुन्हा केव्हा समोर आणायचे ते ठरवते. एवढेच त्याचे काम, पण नेमके तेच आपल्याला स्वतःहून जमत नाही.

उजळणीत अंतर का हवे, हे समजायला स्मृतीवरच्या संशोधनाकडे पाहावे लागते. चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांना २००० साली ज्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते प्रामुख्याने अ‍ॅप्लिसिया या समुद्री गोगलगायीवरचे होते. अल्पकालीन स्मृतीत चेतापेशींमधला आधीचाच जोड, म्हणजे सिनॅप्स, काही काळ बळकट होतो. दीर्घकालीन स्मृतीसाठी मात्र पेशीला नवी प्रथिने तयार करावी लागतात आणि नवे सिनॅप्सही उगवतात, असे त्यातून दिसले. या घडणीला वेळ लागतो. अंतर राखून दिलेली उद्दीपने टिकाऊ बदल घडवतात, तीच एका दमात दिल्यास तेवढे साधत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी निकालापर्यंतही का टिकत नाही, याचा एक धागा इथे सापडतो.

तरीही असे अ‍ॅप ‘मेंदूची नवी जुळणी करते’ ही भाषा मला अतिरंजित वाटते, कारण अ‍ॅन्की सिनॅप्स मोजत नाही. त्यात २०२३ मध्ये आलेली, उजळणीची वेळ ठरवणारी एफएसआरएस ही पद्धत आपल्याच जुन्या उत्तरांच्या नोंदींवरून विसरण्याची शक्यता काढते, आणि उजळणीसाठी तेवढे पुरते.

खरी मेहनत कार्डे लिहिण्यात आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या एका तयार संचात प्रत्येक कार्डावर अख्खा परिच्छेद कोंबलेला होता. तो मी काढून टाकला. ‘एनएमडीए ग्राही कसा काम करतो?’ (ग्राही म्हणजे चेतापेशीच्या पटलावरचे, संदेश टिपणारे प्रथिन) या ढोबळ प्रश्नाऐवजी आता तीन कार्डे आहेत: पेशी विश्रांत असताना त्याची वाट कोण अडवते (मॅग्नेशियम), ती मोकळी झाल्यावर आत काय शिरते (कॅल्शियम), आणि त्यामुळे पटलावर कोणते ग्राही वाढतात (एएमपीए). उत्तर चुकले, तर नेमके काय निसटले ते लगेच कळते.

रोज २० नवी कार्डे हा अ‍ॅपमध्ये आधीच ठरवलेला आकडा नवख्याने निम्म्यावर आणावा. नाहीतर काही आठवड्यांतच उजळणीची थकबाकी साचते. आयफोनवाल्यांनी आधी संगणकावर वापरून पाहावे आणि सवय टिकली तरच पैसे खर्च करावेत.