हायपर-व्ही रेप्लिका: पणजी बंद, मडगाव चालू

पणजीच्या मुख्य कार्यालयात पाच-सहा व्हीएम (एकाच सर्व्हरवर चालणारी आभासी मशीन) आणि मडगावला शाखा, अशा पतसंस्थेला किंवा हॉटेलला हायपर-व्ही रेप्लिका पुरते. हायपर-व्ही ही आभासी मशीन चालवणारी मायक्रोसॉफ्टची सोय, आणि रेप्लिका त्या मशीनची प्रत दुसऱ्या जागच्या सर्व्हरवर ठेवून ठरावीक वेळाने बदल तिकडे पाठवते. २०१२ पासून ती विंडोज सर्व्हरमध्येच येते, वेगळे पैसे नाहीत. पलीकडच्या सर्व्हरला विंडोजचा परवाना मात्र लागतो, आणि कोटेशनमधून नेमका तोच गळतो. २०१२ आर२ पासून बदल ३० सेकंदांनी, ५ किंवा १५ मिनिटांनी पाठवता येतात.

पहिली पूर्ण प्रत लाइनवरून पाठवायच्या भानगडीत पडू नका. ६०० जीबीला २० एमबीपीएसवर ६६ तास लागतात, आणि तेवढ्यात पावसात लाइन जायची ती जातेच. एक्स्टर्नल डिस्कवर एक्स्पोर्ट करून गाडीने झुआरी ओलांडून न्यावी आणि तिकडे इम्पोर्ट करावी.

मुख्य जागा गेल्यावरचे काम सोपे आहे. फेलओव्हर म्हणजे काम पलीकडच्या प्रतीवर नेणे. त्यातल्या ‘प्लॅन्ड फेलओव्हर’ला, म्हणजे आधी ठरवून केलेल्याला, हात लावू नका, तो मूळ सर्व्हरवरून, मशीन बंद करून सुरू करायचा असतो आणि इथे मूळ सर्व्हरच उरलेला नाही. मडगावच्या हायपर-व्ही मॅनेजरमध्ये मशीनवर राइट क्लिक, ‘रेप्लिकेशन’, ‘फेलओव्हर’, रिकव्हरी पॉइंट (मशीनची त्या-त्या वेळची जपलेली स्थिती) निवडायचा, मशीन उठते. आत जाऊन डेटाबेस उघडतो का, शेवटची नोंद किती वाजताची आहे, ते बघा. पटले नाही तर ‘कॅन्सल फेलओव्हर’ करून आधीचा पॉइंट घेता येतो. ‘रिमूव्ह रिकव्हरी पॉइंट्स’ दाबले की ती वाट बंद, म्हणून घाई नको. तासातासाचे पॉइंट जास्तीत जास्त २४ ठेवता येतात. रॅन्समवेअरने बिघडवलेल्या फायलीही रेप्लिका इमानेइतबारे पलीकडे नेते, तेव्हा बॅकअप वेगळा हवाच.

मशीन उठले तरी पिंग लागत नाही, ही नेहमीची तक्रार. रेप्लिका मशीनचे नेटवर्क कार्ड मुळात कुठल्याच व्हर्च्युअल स्विचला (मशीनला नेटवर्कशी जोडणाऱ्या आभासी स्विचला) जोडलेले नसते. ते आधीच जोडून, त्याच्या ‘फेलओव्हर टीसीपी/आयपी’मध्ये मडगावचा आयपी भरून ठेवायचा. लेगसी, म्हणजे जुन्या प्रकारच्या, कार्डावर ही सोय चालत नाही. डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन तपासणारा सर्व्हर) रेप्लिकेवर सोडू नये. मडगावला दुसरा कंट्रोलर कायम चालू हवा, नाहीतर सगळी मशीन उठतात आणि लॉगिन कुणाचेच होत नाही.

खरा घात वीज परत आल्यावर होतो. पणजीचा होस्ट (ज्यावर मशीन चालतात तो सर्व्हर) उठतो आणि आधी चालू असलेली मशीन आपोआप चालू करतो, कारण मूळ सेटिंगच तसे आहे. मडगावात फेलओव्हर झाल्याचे त्याला ठाऊकच नसते. मग पणजीचे काउंटर जुन्या डेटाबेसमध्ये पावत्या फाडतात, मडगावचे नव्यात, आणि एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघतात. तो हिशेब हातानेच सोडवावा लागतो. म्हणून होस्ट चालू करण्याआधी नेटवर्कची केबल काढायची, उठलेली मशीन बंद करायची, मग केबल लावून मडगावहून ‘रिव्हर्स रेप्लिकेशन’, म्हणजे बदल उलटे पणजीकडे पाठवणे. पणजीला परतताना मात्र ‘प्लॅन्ड फेलओव्हर’च, तोही काउंटर बंद झाल्यावर.

लाइन बरेच दिवस बंद राहिली की पाठवायच्या राहिलेल्या बदलांची एचआरएल फाइल फुगत जाते. ती मशीनच्या डिस्कच्या निम्म्यावर गेली की पूर्ण रिसिंक (दोन्ही प्रती पुन्हा जुळवणे) करावे लागते, त्यामुळे चवथीच्या सुट्टीतही कुणीतरी रेप्लिकेशन हेल्थ बघायला हवे. ‘टेस्ट फेलओव्हर’ मे महिन्यातच उरकावा. त्यात ‘टेस्ट’ शेपटीचे वेगळे मशीन बनते, मूळ काम थांबत नाही.

पणजी आणि मडगाव एकाच पावसात भिजतात. घाटापलीकडे, बेळगावला किंवा पुण्याला, ‘एक्स्टेंडेड रेप्लिकेशन’ने तिसरी प्रत ठेवता येते, तिथे ३० सेकंदांचा पर्याय नाही. मोठी उणीव एकच: आधी डेटाबेस, मग अॅप्लिकेशन, हा मशीन उठवण्याचा क्रम हाताने पाळावा लागतो. सहा मशीनना तो कागदावर लिहून भिंतीला चिकटवला की भागते, तीसना नाही.