शेळीचे खूर छाटायची सरळ पात्याची कात्री: घ्यावी, पण धार बघून

कोळीवाड्यात, चाळीमागच्या बोळात किंवा आरेच्या पाड्यांवर ज्यांच्या दारी दोन-चार शेळ्या आहेत, त्यांनी ही कात्री घ्यावीच. माळावर चरणारीचे खूर दगडगोट्यांवर झिजतात, दाराशी बांधलेलीचे वाढतच जातात. दीड-दोन महिन्यांत कड आत वळते, तिच्याखाली शेण-चिखल साचतो आणि पावसाळ्यात तिथूनच खूर कुजायला लागतो.

बरेच जण बागेच्या सिकेटरवर भागवतात. त्याचं बाकदार पातं फांदीला ठीक, पण खुरात ते खोल रुततं. या कात्रीची पाती सरळ, अरुंद, टोकदार असतात, म्हणून वळलेल्या कडेखाली टोक सरकवता येतं. पैसे त्याचेच मोजायचे. एक पातं दातेरी असेल तर उत्तम, ओला खूर निसटत नाही. नागदेवी स्ट्रीटला किंवा कुठेही घेताना जाड पुठ्ठा मुळापासून टोकापर्यंत कापून बघा. टोकाशी पुठ्ठा दुमडला तर ती कात्री खूर कापणार नाही, चेंगरेल. स्प्रिंग फार ताठ नको, दोन शेळ्यांतच मूठ भरून येते.

शेळीला भिंतीलगत आखूड बांधा. पाय जसा मुळात वाकतो तसाच मागे वळवा. बाजूला ओढलात की झटापट सुरू. आधी टोकाने शेण आणि खडे काढा, खड्यावर धार बोथट होते. मग वळलेली कड तळव्याच्या पातळीला आणा, नंतर टाचेचा वाढलेला भाग, शेवटी पुढचं टोक. काप पातळच घ्या. गुलाबी झाक दिसली की हात थांबवा. वरच्या केसांच्या रेषेला तळवा समांतर झाला की पुरे. खूर चढाव जोड्याच्या टोकासारखे वर वळले असतील तर एका दिवसात सरळ करायचा हट्ट नको. आतला जिवंत भागही पुढे सरकलेला असतो. पंधरा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं काढा. रक्त आलंच तर कापसाने दाबून धरा, पोव्हिडोन आयोडीन लावा, जागा कोरडी ठेवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. उन्हाळ्यात खूर टणक होतात, तेव्हा आधी ओलं गोणपाट गुंडाळून ठेवावं. गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात पकडून धरू नये.

कात्रीची उणीव एकच, गंज. साध्या पोलादाची पाती मुंबईच्या खाऱ्या हवेत टिकत नाहीत. प्रत्येक वेळी धुवा, कोरडी पुसा, शिवणयंत्राचं तेल लावा. लंगड्या शेळीनंतर जंतुनाशकात बुडवल्याशिवाय दुसरीला लावू नका, रोग पसरतो.

पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या टबात 10 लिटर पाण्याला 1 किलो झिंक सल्फेट टाकून त्यात पाय बुडवावेत. पाणी शेळीच्या तोंडी लागू देऊ नये. खुराच्या दोन फाकांमधल्या बेचक्यात घाण वास, सूज असेल तर ते काम कात्रीचं नाही, परळच्या बाई साकरबाई पशु रुग्णालयात दाखवा. तोंडातही फोड आणि लाळ दिसली तर लाळ-खुरकूत असू शकते. शेळी आधी वेगळी बांधा, मग डॉक्टर बोलवा.