गाडीखालचा ‘खट्ट’ आवाज आणि पौडचे एक गॅरेज
ताम्हिणीच्या कच्च्या वाटांवर फिरणाऱ्या माझ्या फोर-बाय-फोर गाडीखालून येणारा ‘खट्ट’ आवाज दुसरीकडे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलूनही थांबला नव्हता. पौडच्या या गॅरेजातील मिस्त्रींनी हत्यार उचलण्यापूर्वी विचारले, की आवाज खड्ड्यात येतो की गिअर टाकताना. कारण खड्ड्यातला आवाज बहुधा चाकांच्या जोडणीतील बुश (रबरी अस्तर) किंवा बॉल जॉइंट (गोल सांधा) यांचा असतो, तर गिअर टाकतानाचा प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या बाजूचा. चाकांना उटी (अडसर) लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून त्यांनी शाफ्ट हाताने हलवला आणि मागच्या क्रॉसमधली (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातली) ढिलाई, त्याच्या बेअरिंगच्या कपाभोवतीची गंजाची लालसर भुकटी मला प्रत्यक्ष दाखवली. फक्त क्रॉस बदलला, ग्रीस भरले. दिवसभर थांबावे लागले, परंतु असे निदान मला मोलाचे वाटते.